फेब्रिस: तापाची लॅटिन रूपं

प्रश्न: मी लातूरला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वॉर्डात केसपेपरवर आम्ही ‘फेब्राइल’ (ताप असलेला), ‘एफेब्राइल’ (ताप नसलेला) लिहितो आणि पेशंटच्या नातेवाइकांशी बोलताना ‘फीवर’ म्हणतो. एकाच गोष्टीच्या नावात एकीकडे ‘ब’ आणि दुसरीकडे ‘व’ कसा? फेब्रुवारी महिन्याचं नाव तापाच्या देवीवरून पडलं असं मोबाइलवर वाचलं, ते खरं का?

दोन्ही शब्द एकाच घरातले आहेत, फक्त वेगवेगळ्या दारांनी बाहेर पडले. लॅटिनमध्ये तापाला ‘फेब्रिस’ म्हणत. रोमन साम्राज्याच्या उतरत्या काळात लोकांच्या बोलण्यातला मधला ‘ब’ सैल पडत गेला. ओठ पुरते मिटेनासे झाले की ‘ब’चा ‘व’ होतो. फ्रेंचमध्ये त्यामुळे ‘फिएव्र’ झालं. पुस्तकाला लॅटिन शब्द ‘लिबेर’, त्याचं फ्रेंच ‘लिव्र’, तसंच हे. इंग्रजीनं हा शब्द फार लवकर उचलला. जुन्या इंग्रजीत तो ‘फेफर’ असा लिहीत आणि मधला फ ‘व’सारखा उच्चारत. पुढे फ्रेंच रूपानं त्याला बळ दिलं आणि ‘फीवर’ घट्ट झाला. स्पॅनिश, पोर्तुगीज आणि इटालियन यांनी मात्र ‘ब’ सोडला नाही. पणजीत 1842 साली सुरू झालेल्या वैद्यकशाळेत शिकलेली डॉक्टर मंडळी पोर्तुगीजमध्ये ‘फेब्रे’च म्हणत.

‘फेब्राइल’ हा तोंडातोंडी आलेला शब्द नाही, तो विद्वानांनी ग्रंथांतून उचलला. मध्ययुगातल्या लॅटिनमध्ये ‘फेब्रिस’ला ‘-इलिस’ प्रत्यय लावून ‘फेब्रिलिस’ हे विशेषण घडवलं गेलं आणि तिथून ते डॉक्टरांच्या इंग्रजीत आलं. बोलीतून न घासल्यामुळे त्यातला ‘ब’ शाबूत राहिला. ‘एफेब्राइल’मधला सुरुवातीचा नकार ग्रीक आहे आणि पुढचा शब्द लॅटिन. लॅटिनचा स्वतःचा नकार ‘इन-’ असा, ग्रीकचा ‘अ-’ आणि संस्कृतचाही ‘अ-’. तिन्हींचं मूळ एकच. म्हणजे तुम्ही पेशंट बरा होत आल्यावर लिहिता त्या शब्दात ‘अज्वर’मधला ‘अ’ बसलेला आहे. आता तो शब्द लिहिताना स्पेलिंग पाठ करायची गरज पडू नये.

फेब्रुवारीचं म्हणाल तर नाही. हा महिना शुद्धीचा. ‘फेब्रुउम’ म्हणजे शुद्धी करण्याचं साधन. तो साबाइन या रोमच्या शेजारी लोकांचा शब्द असल्याचं वारो या रोमन पंडितानं इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात नोंदवलं आहे. त्या महिन्याच्या 15 तारखेला लुपेरकालिया हा शुद्धीचा सण असे. ‘फेब्रिस’ आणि ‘फेब्रुउम’ कानाला सारखे वाटतात, म्हणून पुढच्या लोकांनी दोन्हींची गाठ मारली.

तापाची देवी मात्र खरोखर होती, आणि तिचं नाव फेब्रिस हेच. वालेरिउस माक्सिमुस हा लेखक सांगतो की, तिनं कमी त्रास द्यावा म्हणून रोममध्ये तिची देवळं बांधली होती. एक पालातिन टेकडीवर, एक मारिउस या सेनापतीच्या स्मारकांच्या आवारात आणि तिसरं विकुस लोंगुस या रस्त्याच्या वरच्या टोकाला. आजाऱ्याच्या अंगाला बांधलेले उतारे तिथं नेऊन ठेवत. आपल्याकडे मरीआईच्या देवळात काय चालतं ते ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना यात काही परकं वाटणार नाही. किकेरोला, म्हणजे आपण इंग्रजी वळणानं सिसेरो म्हणतो त्या रोमन वक्त्याला, ही पूजा मुळीच पसंत नव्हती. पालातिनवरची फेब्रिसची जुनी वेदी नाकारलीच पाहिजे, वाईट गोष्टींना देवपण देऊ नये, असं त्यानं कायद्यांवरच्या ग्रंथात लिहिलं. मला वाटतं, ज्या शहराच्या सखल भागात आणि आसपासच्या दलदलीत हिवताप मुरलेला होता, तिथल्या आयांना किकेरोचं हे म्हणणं पटणं अवघड होतं.

ती देवी का, देव का नाही? ‘फेब्रिस’ हा शब्द स्त्रीलिंगी आहे म्हणून. आपला ‘ज्वर’ पुल्लिंगी, त्यामुळे चरकसंहितेत रुद्राच्या कोपातून निघतो तो पुरुष आहे, आणि बाणासुराच्या युद्धात कृष्णावर चाल करून येतो तोही तीन डोक्यांचा, तीन पायांचा पुरुषच.

प्रश्न: मी वाईचा, निवृत्त संस्कृत शिक्षक. हौसेनं लॅटिन शिकतो आहे. ‘फेब्रिस’ची द्वितीया एका व्याकरणात ‘फेब्रिम’ दिली आहे, दुसऱ्यात ‘फेब्रेम’. बरोबर कोणती? आणि या शब्दाचा आपल्या ‘दह्’ धातूशी संबंध आहे का?

सर, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. असा प्रश्न क्वचित येतो, म्हणून उत्तर जरा लांबेल.

आधी रूपं. दोन्ही बरोबर आहेत, पण ‘फेब्रिम’ जुनं आणि अस्सल. हा शब्द इकारान्त स्त्रीलिंगी. तुमच्या ‘मति’शेजारी ठेवून पाहा: मतिः–फेब्रिस, मतिम्–फेब्रिम. अनेकवचनात चतुर्थी-पंचमीला मतिभ्यः, इकडे फेब्रिबुस. ‘भ्यस्’ आणि ‘बुस’ हे जवळचे नातेवाईक आहेत. षष्ठीच्या अनेकवचनात ‘फेब्रिउम’, त्यातही ‘इ’ टिकून आहे. गालेन या प्राचीन ग्रीक वैद्याचा तापाच्या प्रकारांवरचा ग्रंथ युरोपात ‘दे दिफेरेन्तिइस फेब्रिउम’, म्हणजे ‘तापांच्या भेदांविषयी’, या लॅटिन नावानं वाचला जाई. एवढं एक नाव लक्षात ठेवलं तरी षष्ठी चुकणार नाही.

मग ‘फेब्रेम’ कुठून आलं? लॅटिनच्या तिसऱ्या गणात दोन कुटुंबं एकत्र राहायला आली, इकारान्त शब्दांचं आणि व्यंजनान्त शब्दांचं. व्यंजनान्तांची द्वितीया ‘-एम’: राजाला ‘रेगेम’, पायाला ‘पेदेम’. ते संख्येनं जास्त, त्यामुळे हळूहळू इकारान्तांच्या तोंडीही ‘-एम’ बसलं. काही थोडे शब्द मात्र अडून राहिले. ‘सितिस’ म्हणजे तहान, ‘तुसिस’ म्हणजे खोकला, ‘राविस’ म्हणजे घसा बसणं. या तिघांची द्वितीया ‘-इम’च. ‘तुर्रिस’ (बुरूज), ‘सेकुरिस’ (कुऱ्हाड), ‘पेल्विस’ (पसरट भांडं) आणि आपली ‘फेब्रिस’ या दोन्ही रूपांत चालतात, आणि त्यांचा ओढा ‘-इम’कडे असतो. तहान, खोकला, बसलेला घसा आणि ताप यांनी जुना प्रत्यय धरून ठेवावा हे मला डॉक्टर म्हणून फार आवडतं. कारण शोधायला गेले तर हाती काही लागत नाही, कारण बुरूज आणि कुऱ्हाडही त्याच रांगेत उभे आहेत.

तृतीया-पंचमीच्या कामाला लॅटिनमध्ये एकच विभक्ती आहे. तिचं रूप ‘फेब्री’, नंतरच्या लेखनात ‘फेब्रे’ही. चतुर्थीही ‘फेब्री’. देवनागरीत लिहिताना इथं दीर्घ ‘री’ लिहावी, प्रथमेत ऱ्हस्व. रोमन लिपी हा भेद दाखवत नाही आणि आपली दाखवते, त्याचा फायदा घ्या.

रूपं वाक्यात बघितल्याशिवाय अंगी लागत नाहीत. मी ती वसईत, काकांच्या जुन्या लॅटिन पुस्तकांतून शिकले. आमच्याकडे 1960च्या दशकापर्यंत मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, लॅटिनमध्येच होई आणि काकांना शुभवर्तमानातल्या ओव्या तोंडपाठ होत्या. मी वैद्यकीय महाविद्यालयात गेले तेव्हा त्यांनी मला लूकच्या चौथ्या अध्यायातला शिमोनाच्या सासूचा प्रसंग काढून दिला. ओवी 38मध्ये ती ‘माग्निस फेब्रिबुस’ ग्रासलेली आहे, म्हणजे ‘मोठ्या तापांनी’. पुढच्याच ओवीत येशू तिच्यापाशी उभा राहून ‘इम्पेराविट फेब्री’, तापाला आज्ञा करतो, आणि ताप तिला सोडतो. आज्ञा करणं या क्रियापदाला लॅटिनमध्ये चतुर्थी लागते. तापावर नाही, तापाविरुद्ध नाही, तापाला. आपण मुलाला सांगतो, नोकराला सांगतो, तीच विभक्ती. चतुर्थी कुठं येते हे मला त्या दिवशी कळलं ते आजवर विसरलेले नाही.

‘मोठ्या तापांनी’ हे अनेकवचन मुद्दाम बघण्यासारखं आहे. मूळ ग्रीकमध्ये लूक एकवचन वापरतो, ‘मोठ्या तापानं’. लॅटिन मजकुरात अनेकवचन आहे, कदाचित लॅटिन बोलणाऱ्याच्या कानाला ताप म्हणजे लाटांसारख्या येणाऱ्या अनेक पाळ्या वाटत असाव्यात म्हणून. ‘प्रेषितांची कृत्ये’च्या 28व्या अध्यायात पौल माल्टा बेटावर पोचतो तेव्हा पुब्लिउसचा बापही ‘फेब्रिबुस’ आणि हगवणीनं अंथरुणाला खिळलेला असतो. तिथं मात्र ग्रीकमध्येही अनेकवचन आहे. योहानच्या चौथ्या अध्यायात हाच शब्द प्रथमेत येतो: ‘रेलिक्विट एउम फेब्रिस’, काल सातव्या तासाला तापानं त्याला सोडलं. इथं कर्ता तापच आहे.

आता व्युत्पत्ती. जुना तर्क इसिदोरचा. हा सातव्या शतकातला सेविलचा बिशप. त्याच्या मते ‘फेब्रिस’ हा शब्द ‘फेर्वोर’, म्हणजे उकळी, यावरून आला, कारण ताप म्हणजे उष्णतेचा अतिरेक. अर्थ छान जुळतो, ध्वनी जुळत नाहीत. ‘फेर्व-’मध्ये ‘र’ आधी आणि ‘व’ नंतर, ‘फेब्रि-’मध्ये उलट, आणि तो ‘व’ ‘ब’ कसा झाला याचं उत्तर मिळत नाही. दुसरा तर्क ‘भुर्’ या अस्वस्थतेच्या, थरथरण्याच्या धातूशी जोडतो. थंडी वाजून येणाऱ्या तापाला तो शोभतो, पण दुव्याचे पुरावे तोकडे आहेत.

तिसरा तुमचा, आणि माझंही मत त्याच बाजूला आहे. संस्कृत आणि लॅटिन यांच्या समान पूर्वज भाषेतला मूळ धातू साधारण ‘धेग्व्ह्’, अर्थ जळणं. शब्दाच्या सुरुवातीचा ‘ध’ लॅटिनमध्ये ‘फ’ होतो. तुमच्या ‘धूम’चा लॅटिन भाऊ ‘फूमुस’ आहे, त्यावरून ताडून पाहा. मधला ‘ग्व्ह’ पुढे ‘र’ आला की ‘ब’ होतो. धातूला ‘-रि’ प्रत्यय लावला की ‘फेब्रि-’ हाती येतं. संस्कृतात एका धातूत दोन महाप्राण लागोपाठ नकोत म्हणून पहिला उतरला, ‘दह्’ झाला. पण तो ‘ध’ पुरता गेलेला नाही. ‘धक्ष्यति’ म्हणताना तो परत डोकं वर काढतो, आणि ‘दग्ध’, ‘निदाघ’ यांत मूळचा कंठ्य वर्ण दिसतो. ‘एकाचो बशो भष्’ आणि ‘दादेर्धातोर्घः’ ही सूत्रं तुम्ही वर्गात शिकवली असणार. पाणिनीनं रूपं सिद्ध करण्यासाठी जे नियम बांधले, त्यांत हा सगळा जुना इतिहास आपोआप नोंदला गेला आहे. लॅटिन शिकताना मला पाणिनीविषयी वाटणारा आदर दुप्पट झाला.

याच धातूची आणखी मंडळी आहेत. ग्रीक ‘टेफ्रा’ म्हणजे राख. ज्वालामुखीचे अभ्यासक तो शब्द आजही वापरतात. लिथुआनियन ‘देग्ति’ म्हणजे जळणं. लॅटिनमध्येच ‘फाविल्ला’ म्हणजे गरम राख, ‘फोवेओ’ म्हणजे ऊब देणं, आणि त्यावरून ‘फोमेन्तुम’, शेकण्याची पट्टी. फिजिओथेरपीवाले ‘फोमेंटेशन’ सांगतात ते हेच. ताप आणि शेक हे सख्खे नसले तरी चुलत नक्की. ‘थर्मामीटर’ मात्र या घरातला नाही. तो ग्रीक ‘थेर्मोस’वरून, आणि ‘थेर्मोस’ संस्कृत ‘घर्म’चा, म्हणजे आपल्या ‘घामा’चा, नातलग.

प्रश्न: मी पनवेलला पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. जुन्या पुस्तकात व्हायव्हॅक्स मलेरियाला ‘टर्शियन’ म्हटलं आहे. टर्शियन म्हणजे तिसरा ना? मग एक दिवसाआड येणाऱ्या तापाला तिसरा का म्हणतात?

रोमन लोक दिवस मोजताना पहिला दिवसही धरत. सोमवारी थंडी वाजून ताप आला, मंगळवारी नाही, बुधवारी पुन्हा आला; सोमवार एक, मंगळवार दोन, बुधवार तीन. म्हणून ‘फेब्रिस तेर्तिआना’, तिसऱ्या दिवसाची. तसंच 72 तासांनी येणारी ‘क्वार्ताना’, आणि रोजची ती ‘कोतिदिआना’. बोलण्यात ‘फेब्रिस’ गळून जाई, पण विशेषणाचा स्त्रीलिंगी ‘-आ’ राहिला. तो दिसला की गाळलेली ‘फेब्रिस’ ओळखायची. आपल्या ग्रंथांतही मोजणी अशीच आहे. चरकानं विषमज्वराचे पाच प्रकार सांगितले, सन्तत, सतत, अन्येद्युष्क, तृतीयक आणि चतुर्थक. त्यातला तृतीयक हा एक दिवसाआडचाच.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातला रोमन वैद्यकलेखक केल्सुस या तापांचं वर्णन करताना तासांचा हिशेब देतो. तेर्तिआनाचे प्रकार दोन, असं तो म्हणतो. एकीत मधला दिवस पूर्ण मोकळा. दुसरी फार घातक. तीही तिसऱ्याच दिवशी परतते, पण 48 तासांपैकी साधारण 36 तास ती पेशंटला धरून असते, आणि उरलेल्या वेळात पूर्ण उतरत नाही, नुसती नरम पडते. स्लाइडवर फाल्सिपेरम हा घातक मलेरियाचा जंतू दिसला की रिपोर्ट द्यायची तुमची जी घाई असते, तिचं कारण त्या दुसऱ्या प्रकारात आहे. केल्सुसकडे ना सूक्ष्मदर्शक, ना थर्मामीटर. नाडी आणि अंगाची उष्णता दोन्ही फसवतात, असा इशारा तो देतो. ऊन, श्रम, झोप, भीती, कशानंही अंग तापतं. म्हणून अनुभवी वैद्यानं आल्याआल्या पेशंटचा हात धरू नये. आधी हसऱ्या चेहऱ्यानं बसावं, कसं वाटतंय ते विचारावं, घाबरला असेल तर धीर द्यावा आणि मग नाडी पाहावी. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक तरुण डॉक्टरला मी हे वाचून दाखवते.

क्वार्ताना कुणाचा जीव घेत नाही, असंही केल्सुसचं वाक्य आहे. त्यामुळे किकेरोचं एक पत्र नीट कळतं. इसवी सनपूर्व 49च्या जानेवारीत, सीझरनं यादवी युद्धाला तोंड फोडलं त्याच दिवसांत, किकेरो आपला मुक्त केलेला गुलाम आणि लेखनिक तिरो याला लिहीत होता. तिरो ग्रीसमध्ये पात्राएला आजारी पडून होता. आजाराचा जोर आता ‘इन क्वार्तानाम’ वळला आहे असं कळलं, तेव्हा काळजी घेतलीस तर तुला ताकद येईल, अशा अर्थाचं किकेरो लिहितो. आजच्या वाचकाला वाटेल, चौथ्या दिवशी ताप येतो यात बरं काय? बरं हेच, की तो आता घातक जातीचा राहिला नव्हता.

प्रश्न: चंद्रपूरजवळच्या जंगलात रोहणाच्या झाडावर ‘सॉयमिडा फेब्रिफ्यूगा’ अशी पाटी आहे. मी वनस्पतिशास्त्र शिकवतो. फेब्रिफ्यूगा म्हणजे तापापासून पळणारी, असं मुलांना सांगितलं तर चालेल?

नाही, तापाला पळवणारी असं सांगा. लॅटिनमध्ये ‘फुगेरे’ म्हणजे स्वतः पळणं आणि ‘फुगारे’ म्हणजे दुसऱ्याला पळवणं. सामासिक शब्दात दोन्हींचं रूप सारखंच ‘-फुगुस, -फुगा, -फुगुम’ होतं, त्यामुळे अर्थ वापरावरून ठरवावा लागतो. प्रयोगशाळेतल्या सेंट्रिफ्यूजमध्ये केंद्रापासून पळणं आहे, फेब्रिफुगामध्ये ताप पळवणं. पुढचा ‘फेब्रि-’ इकारान्त मूळ रूपातच आहे, हेही मुलांना दाखवा.

अठराव्या शतकाच्या शेवटी विल्यम रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञानं या झाडाला महोगनीच्या वंशात घालून ‘स्विएटेनिया फेब्रिफ्यूगा’ म्हटलं होतं. नंतर त्याला वेगळा वंश मिळाला आणि ‘सॉयमिडा’ हे नाव तेलुगूतून आलं. दोन्ही वंशनामं स्त्रीलिंगी धरली जातात, म्हणून विशेषणही ‘-फुगा’. कुळ कडुनिंबाचंच. रोहणाची कडू साल सिंकोनाच्या, म्हणजे क्विनीन देणाऱ्या झाडाच्या, सालीच्या जागी चालेल अशी त्या काळच्या डॉक्टरांना आशा होती, ती सिंकोनापुढे टिकली नाही. दार्जिलिंगजवळ मुंगपूला सरकारी सिंकोना मळ्यांच्या कारखान्यात बनणारं स्वस्त औषधही ‘सिंकोना फेब्रिफ्यूज’ याच नावानं विकलं जाई. मुलांपैकी कुणी घरी साल उकळून प्यायला देत असेल तर मात्र थांबवा, आणि थंडी वाजून ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासायला पाठवा.

उच्चाराचं विचारलं नाहीत, पण वर्गात वाद होईल म्हणून सांगते: इंग्रजी वळणानं ‘फेब्रिफ्यूगा’ आणि लॅटिन वळणानं ‘फेब्रिफुगा’, दोन्ही चालतात.